गव्हावरचा ‘थ’

बार्बा थोदोसिसचा आवाज मोठा होता, यात गावात कुणाचं दुमत नव्हतं. तो सुरात होता की नाही, हे त्याला तोंडावर विचारायची कुणाची छाती नव्हती, एवढंच. संत खारालांबोसच्या देवळात उजव्या बाजूच्या चौथऱ्यावर उभं राहून तो स्तोत्रं म्हणायचा. तरुणपणी चढला, तो मिशा पिकल्या तरी उतरला नाही. सुरुवातीला आम्ही आदराने त्याला बार्बा म्हणजे काका म्हणायचो, पुढे सवयीने.

त्या वर्षी मृतात्म्यांच्या शनिवाराआधी नवे धर्मगुरू पापा लेफ्तेरी यांनी नवंच काढलं. दरवर्षी बाया आपापल्या मेलेल्या माणसांसाठी उकडलेल्या गव्हाचा कोलिवा आणतात, ताटावर साखरेचा थर देऊन चांदीच्या रंगाच्या साखरगोळ्यांनी त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर काढतात. पापा म्हणाले, "या खेपेला ज्याच्यामुळे तुमच्या मनात श्रद्धा रुजली, त्याचीही आठवण काढा. दोन शब्द बोला. माणूस जिवंत असला तरी चालेल, फक्त जिवंताच्या नावाने गहू नको."

ते शेवटचं वाक्य थोदोसिसच्या कानात मधासारखं उतरलं. त्या दिवसापासून तो गावातून मान तिरकी करून चालायला लागला. कोट झटकून उन्हात टांगला. आरशासमोर उभा राहून ‘छे छे, मी कोण, सगळी देवाची कृपा’ हे वाक्य निरनिराळ्या चेहऱ्यांनी म्हणून बघितलं.

त्याची बायको असिमिना कांदा चिरत होती. "कुणासमोर लाजतोयस एवढा?"

"अगं, अर्धं गाव माझं नाव घेणार. तयारी नको?"

"मेल्यावर घेतील की. एवढी घाई कसली?"

"तुला कदर नाही, असिमिना!"

"मला कान आहेत," ती म्हणाली आणि पुढचा कांदा घेतला.

शनिवारी देऊळ भरलं. मेजावर ताटं मांडली, प्रत्येकात मेणबत्ती खोचलेली. बेकरीवाल्याची विधवा फोतिनी आधी उठली. तिने सासूचं नाव घेतलं. "तिच्या घरात सगळा जन्म काढला. वर कुणीतरी असल्याशिवाय ते शक्य नव्हतं." लोक हसले. फोतिनी अजिबात हसली नाही. मग लांबिस पोस्टमन उठला. त्याने कधीही देवळात न आलेल्या आपल्या मामाची आठवण काढली. मामा रोज इतक्या मनापासून देवाला शिव्या घालायचा की लहानग्या लांबिसला वाटायचं, नसलेल्यावर कुणी एवढं चिडतं का?

थोदोसिसने घसा साफ केला. जरा मोठ्यानेच. कुणी वळून बघितलं नाही.

आणि तेवढ्यात त्याला ते ताट दिसलं. कॉफीचं दुकान चालवणाऱ्या वांगेलियोचं. पांढऱ्याशुभ्र साखरेवर चांदीच्या गोळ्यांनी टपोरा ‘थ’ काढलेला.

आधी त्याची छाती फुगली. मग लक्षात आलं: गव्हावर! जिवंत माणसाचं अक्षर गव्हावर! त्याने छातीवर क्रूस काढला, दृष्ट काढायला हळूच तीनदा थू थू केलं, आणि नाडी चाचपली. नाडी होती. पण वांगेलियोला काही कळलं असेल का? डॉक्टरने बायकांना आधी सांगितलं असेल का?

‘चिरंतन राहो स्मृती’ म्हणायची वेळ आली, तेव्हा त्याच्या घशातून जेमतेम कुजबुज निघाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मागच्या रांगेला मेणबत्त्यांची चरचर ऐकू आली. असिमिनाने दचकून वर पाहिलं.

वांगेलियो उठली. "हे ताट थेओनीचं. देऊळ झाडायची ती."

थोदोसिसने एवढा मोठा सुस्कारा सोडला की ताटावरच्या मेणबत्तीची ज्योत हलली. थेओनी! झाडता झाडता त्याच्या मागे गुणगुणायची, आणि तो चौथऱ्यावरून खेकसायचा, "गप्प! सूर बिघडतो!"

"लहानपणी," वांगेलियो म्हणाली, "बार्बा थोदोसिस गायला लागले की मी पळत सुटायचे. थेओनी दाराशी झाडू आडवा धरायची. हातात मनुका ठेवून म्हणायची, ‘देव बिचारा रोज ऐकतो, तू एक दिवस ऐक.’ ज्याच्याकडे एवढी सहनशक्ती आहे, त्या देवाला सोडून कुठे जायचं, असं मला तेव्हाच वाटलं."

देऊळभर हशा उसळला. पापा लेफ्तेरी दाढीत तोंड लपवून खोकले. थोदोसिसचे कान लाल झाले. नाव घेतलं होतं, तेही सगळ्यांसमोर. आरशासमोर केलेला एकही चेहरा इथे लागू पडेना.

बाहेर अंगणात वांगेलियोने मूठभर कोलिवा त्याच्या ओंजळीत घातला. गहू हातात घेतला की मेलेल्यासाठी क्षमा मागावीच लागते. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"देव क्षमा करो," तो पुटपुटला.

"कुणाला, बार्बा?" वांगेलियोने विचारलं.

तो ओंजळीतल्या गव्हात मिसळलेल्या डाळिंबाच्या दाण्यांकडे बघत राहिला. "तिला म्हणायची पद्धत आहे," तो म्हणाला. "पण तिने काय केलं होतं?"

"मग दोघांना म्हण," असिमिना म्हणाली, "आणि खा. गार व्हायची भीती नाही, गारच असतो, पण खा."

त्याने खाल्लं. दुसऱ्या दिवशी रविवारी तो पुन्हा आढं हलेल असा गायला, ते विचारूच नका. फक्त मागे कुणीतरी गुणगुणलं, तेव्हा खेकसायला उघडलेलं तोंड त्याने तसंच मिटलं, आणि स्तोत्राची एक ओळ न गाताच जाऊ दिली.

ती ओळ सगळ्यांना आवडली.