सकाळच्या गाडीचे आमदार

तुम्ही विसरला असाल. विसरणारच. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी माणसं तुम्ही. आमदार तुळशीरामभाऊंनी एके काळी तुमचंच तिकीट फाडलं होतं आणि खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून तुम्ही त्यांच्याशीच हुज्जत घातली होती, हे तुम्हाला कुठून आठवणार? आता त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथ निघतो आहे आणि त्यात सगळे त्यांना लोकनेते म्हणणार आहेत. म्हणा. मला मात्र ते आधी आठवतात खांद्याला चामड्याची बॅग अडकवलेले, एसटीचे कंडक्टर म्हणूनच.

मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगते आहे आणि माझी नात सविता लिहिते आहे. ती शाळेत शिकवते, त्यामुळे माझी वाक्यं सरळ करायची तिला खोड आहे. जिथं वाकडं राहिलं असेल, तिथं मी जिंकले असं समजा.

माझी थोरली लेक बुलढाण्यापलीकडच्या धाड गावाला दिली आहे. तिच्याकडे जायला म्हणून मी एकदा मोताळ्याच्या स्टँडवर आले आणि समोर उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसले. गाडी सुटली, कंडक्टर आले, मी म्हटलं, "धाड."

"मावशी, हे रोहिणखेडची गाडी हाय. पाटी नाई वाचली काय?"

"वाचता येत असती, तं तुह्या गाडीत कायले बसली असती?"

सगळी गाडी हसली. तेही हसले, पण माझ्या बाजूनं. त्यांनी फाट्यावर गाडी थांबवली, मागून येणाऱ्या बुलढाण्याच्या गाडीला हात केला आणि मला हात धरून तिच्यात चढवलं. तिथल्या कंडक्टरला म्हणाले, "आपली मावशी हाय. बुलढान्याले धाडच्या गाडीत बसवून दे, अन् बसवल्याबिगर चहा पिऊ नको." टपालाच्या पिशवीसारखी मी या हातातून त्या हातात गेले आणि ऊन उतरायच्या आत लेकीच्या दारात पोचले.

त्यानंतर त्यांनी एक सवय लावून घेतली. गाडी सुटण्याआधी खाली उतरायचं, दोन्ही बाजूंनी फिरायचं आणि पाटीवरची सगळी गावं मोठ्यानं म्हणायची. बाकीचे कंडक्टर चेष्टा करत. आज ते गावोगावच्या ग्रामसभेत सरकारचा प्रत्येक निर्णय स्वतः उभे राहून मोठ्यानं वाचून दाखवतात, आणि शिकलेले लोक मागं बसून कंटाळतात. कंटाळू द्या. आम्हा न शिकलेल्यांना तेवढ्यानं कळतं की आपली गाडी कुठं चालली आहे.

भाऊ रोहिणखेडजवळच्या एका लहान गावचे. घरी थोडं कोरडवाहू शेत, कपाशी आणि ज्वारी. दहावी झाल्यावर एसटीत लागले. आमच्या गावाला तेव्हा गाडी यायची ती दुपारी. शाळा सातवीपर्यंत गावातच. पुढचं शिक्षण मोताळ्याला, आणि मोताळ्याची शाळा काही दुपारच्या गाडीसाठी थांबत नव्हती. मुलगे सायकलवर जात. मुली सातवी झाल्या की शेतात निंदायला जात, आणि दोन-तीन वर्षांत दारात मांडव पडे. गावात गाडी थांबली की भाऊ चहूकडे नजर टाकत. काल दप्तर घेऊन दिसलेली पोर आज विळा घेऊन दिसली, की त्यांना ते सहन होत नसे. "सकाळची एक फेरी सोडा," असं त्यांनी डेपोत अनेकदा सांगितलं. एका साहेबानं शेवटी ऐकवलं, कंडक्टरनं तिकिटं फाडावीत, वेळापत्रक करायला माणसं आहेत.

भाऊंनी राजीनामा दिला आणि विधानसभेला अपक्ष उभे राहिले. त्यांच्या सौभाग्यवती कमलबाई मला नंतर सांगत होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "एका गाडीपायी नोकरी सोडता? उद्या रेल्वे पायजे म्हनान तं?" भाऊ म्हणाले, "नाई, रेल्वेचं नाव नाई घेत." कमलबाई चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी प्रचाराला निघाल्या.

चिन्ह मिळालं कपबशी. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी चिन्ह हेच उमेदवाराचं नाव असतं. तेव्हा मशीनवर फोटोही नसे. आमच्या बायकांनी कपबशी अशी पाठ केली, की लहान लेकरंसुद्धा भाऊंना पाहून "कपबशी आली" म्हणायची. ज्यांचं तिकीट त्यांनी फाडलं होतं, त्या सगळ्यांनी त्यांना निवडून दिलं. आणि पुढच्या जूनमध्ये सकाळची गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा मुलींपेक्षा त्यांच्या आयाच जास्त जमल्या होत्या. आमची यमुनाबाई, म्हणजे माझी शेजारीण, तिनं ड्रायव्हरला ओवाळलं. ड्रायव्हर लाजून गाडीत चढला तो तसाच कुंकू लावून मोताळ्याला गेला.

पाच वर्षं बरी गेली. सविता सातवी पास झाली. आता दुसरी निवडणूक, आणि आता नीट ऐका, कारण हे कुठल्याच भाषणात कोणी सांगत नाही.

अपक्षाचं चिन्ह त्याच्या मालकीचं नसतं. यावेळी भाऊंना मिळाली छत्री, आणि कपबशी गेली कुठल्याशा भलत्याच माणसाला, ज्याला आम्ही कधी पाहिलंही नव्हतं. भाऊ आमच्या गावात प्रचाराला आले ते ऐन आश्विनातल्या उन्हात. सभा घेऊन घेऊन घसा पार बसलेला. तोंडातून शब्द फुटेना. जीपवरचा भोंगा खरखर करत होता, त्यातून काय सांगत होते ते देव जाणे. भाऊ हातात उघडी छत्री धरून गल्लीगल्लीतून हसत फिरत होते.

यमुनाबाई कळवळली. "माय वं! भाऊची तब्बेत पाय कशी झाली. बिचारे छत्री घेऊन फिरून राह्यले."

मग तिनं चहा केला. कपबशीत ओतला. ती कपबशी भाऊंच्या डोळ्यांसमोर उंच धरली आणि एक डोळा मिचकावून म्हणाली, "लक्षात हाय बरं भाऊ! काई फिकर नोको करू!" बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या. भाऊंना वाटलं, चहाचा आग्रह चालला आहे. त्यांनी चहा घेतला, छत्री जरा वर करून दाखवली, हात जोडले आणि पुढच्या गावाला गेले. दोन्हीकडची माणसं समाधानानं घरी गेली. असा एकमेकांवर विश्वास मी कधी पाहिला नाही.

नंतर भाऊंचा एक पुतण्या येऊन सांगून गेला, यावेळी छत्री आहे. यमुनाबाईनं त्याला हाकललं. "फोडायले आला काय बे आमाले? आमी काय इमान बदलनारे हावो काय?"

भाऊ पडले, तेही थोडक्यात. आमच्या आणि आसपासच्या गावांतून कपबशीला इतकी मतं पडली, की तो भलता माणूस दुसऱ्या दिवशी आभार मानायला आला. यमुनाबाईनं विचारलं, "तू कोन बे?" त्यानं सांगितलं. ती ओट्यावर बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी स्वतः कोणतं बटण दाबलं? मतदान गुप्त असतं, असं भाऊंनीच ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

हसू नका. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि सकाळची गाडी आलीच नाही. डेपोचं म्हणणं, भारमान नाही, म्हणजे गाडी भरत नाही, मुली तेवढ्याच आणि बाकी जागा रिकाम्या. माझा मुलगा, सविताचा बाप, वाईट नाही, पण त्यानं सरळ सांगितलं, "गाडी बंद तं शाळा बंद. एकल्या पोरीले रोज जीपीत लटकवून मी नाई धाडत." सविता दप्तर भरून रोज रस्त्यावर जाऊन उभी राहायची आणि उन्हं चढल्यावर परत यायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या आत्यानं एका स्थळाची गोष्ट काढली. मुलगी तेव्हा आठवीत होती. (हे वाक्य लिहिताना ती थांबली आहे. लिही वं, लिही.)

भाऊंकडे जायचं कोणत्या तोंडानं? आम्ही नाही गेलो. तेच आले, मोटारसायकलवर, एकटे. यमुनाबाई घरात लपली. भाऊ ओट्यावर बसले आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यमुनाबाई, चहा टाका. पन गिलासात द्या माय, कपबशीची धास्ती बसली मले."

तेव्हा ती रडत बाहेर आली. भाऊ म्हणाले, "रडता काऊन? लोकं पाच वर्सांत मानूस बदलतात. तुमी तं चिन्नही नाई बदललं. असे मतदार मले अजून कुठं भेटतीन?"

मग ते मुद्द्यावर आले. आमदारकी नव्हती, पण डेपोत बसायला आमदारकी लागत नाही. ते रोज सकाळी तिथं जाऊन बाकड्यावर बसत होते. मॅनेजर कंटाळून कबूल झाले होते, की महिनाभर गाडी सोडून पाहू. भरली तर चालू, नाहीतर पुन्हा नाव काढायचं नाही. भाऊ बायकांना म्हणाले, "मत तुमी इमानानं देल्लं. आता तिकीट बी इमानानं काढा. ह्या गाडीत पोरी एकल्या बसल्या तं गाडी जाईन. तुमी बसल्या तं राहीन."

सविताचं लग्न की आठवी, हे आता त्या गाडीच्या बाकांवर येऊन ठेपलं होतं.

आमच्या गावाला मोताळ्याला काय कमी कामं असतात? ज्या बाया भाजीची टोपली घेऊन जीपमध्ये कोंबल्या जायच्या, त्या गाडीत आल्या. ज्यांचं काम आठवडी बाजाराला होतं, त्यांना ते बाजाराची वाट न पाहता मंगळवारीच आठवू लागलं. माझा दात दुखत होता. दात तसा एकच उरला होता, पण तो दाखवायला मी इतक्यांदा मोताळ्याला गेले, की दाताचा डॉक्टर म्हणाला, "आजी, तो मागच्या खेपेलाच काढला मी." यमुनाबाईला तर काहीच काम नसे. ती जाई, स्टँडवर बसे आणि दुपारच्या गाडीनं परत येई. विचारलं की म्हणे, "भाऊचं मत फेडून राह्यली."

महिना सरला तेव्हा कंडक्टर दारात लटकून तिकिटं फाडत होता. गाडी चालू राहिली. आत्यानं काढलेलं स्थळ तसंच राहिलं. आणि तेव्हा आठवीत असलेली मुलगी आज माझ्या चुका सुधारते आहे.

तिसऱ्या निवडणुकीला चिन्ह मिळाल्याबरोबर भाऊ आमच्या गावात आले. खरोखरची एक कढई यमुनाबाईच्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "मावशीहो, हे मी भजे तळायले आनली नाई." तेवढंच भाषण. निवडून आले. त्यापुढेही एकदा आले. म्हणजे हिशेब असा, की एकदा जिंकले, एकदा आम्ही पाडलं आणि मग जिंकत गेले.

त्यांनी काय केलं ते बाकीचे लिहितीलच. कापूस, सोयाबीन, पाणी, सगळ्यांवर ते बोलले आहेत. मी माझ्या कामापुरतं सांगते. मतदारसंघातल्या स्टँडवर बायकांसाठी दार लागणारी आणि दारात पाणी असलेली मोरी असावी, हा विषय त्यांनी सभागृहात इतक्यांदा काढला, की म्हणे काही सदस्य हसले. भाऊ त्यांना म्हणाले, "ज्यांना दिवसभर पाणी न पिता प्रवास करावा लागला नाही, त्यांनी हसावं." आज मोताळ्याला ती सोय आहे. मी वापरून आले आहे, म्हणून सांगते.

आमचे हे शेवटच्या आजारात बुलढाण्याला दवाखान्यात होते. भाऊ आले ते मागं माणसांची रांग न घेता. ह्यांच्या उशाशी बसून जुन्या गाड्यांच्या गोष्टी काढल्या. कोणता ड्रायव्हर घाटात गाणी म्हणायचा, कोणाची कोंबडी टपावरून उडून गेली. ह्यांना बोलवत नव्हतं, पण ह्यांच्या पोटावरचं पांघरूण हसण्यानं हलत होतं. ते मला अजून दिसतं.

सविता म्हणते, "आजी, गौरवलेखात दोष सांगत नाहीत." मी सांगणार. भाऊ फार लवकर विश्वास ठेवतात आणि जेवायला फार उशीर करतात. पहिल्याला औषध नाही. दुसऱ्यापायी त्यांना साखर लागली आहे, तेव्हा त्यांनी वेळेवर जेवावं, रोज चालावं, आणि कमलबाईंचं ऐकावं. शंभरी गाठायची की नाही ते त्यांचं त्यांनी पाहावं. मला एवढंच पाहिजे, की माझ्या पणत्या दहावी होतील तेव्हाही भाऊंना सकाळच्या गाडीला निरोप द्यायला स्वतःच्या पायांनी स्टँडवर येता यावं. देवाजवळ माझं फार काही मागणं नसतं, तेव्हा हे त्यानं ऐकायला हरकत नाही.

आणि सत्काराला येणाऱ्यांनो, पेढ्यांचे पुडे आणू नका. भाऊ खाऊ शकत नाहीत, आणि तुम्हीच परत जाताना खाल. काही पाठवायचंच असेल तर सकाळच्या गाडीत पाठवा. मुली उजाडायच्या आत उपाशी निघतात. ज्वारीच्या भाकरी करा, पातळ आणि मऊ, दुपारपर्यंत वातड न होणाऱ्या. त्यावर घट्ट चून, तुम्ही पिठलं म्हणता ते, आणि जवसाची चटणी. कांदा वेगळा बांधा, वर्गात वास येतो. रश्श्याची भाजी मात्र कोणी देऊ नका. दप्तरं खराब होतील. आमच्या रस्त्याचे खड्डे भाऊंनी अजून बुजवलेले नाहीत.