नववा अध्याय माझा होता

साठीनंतर आईची दृष्टी गेली. समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, कडेची खुर्ची मात्र दिसायची. डोळ्याचा पडदा मधोमध झिजतो, डॉक्टर म्हणाले, आणि हे रक्तातून उतरू शकतं, तेव्हा तुम्ही दोन्ही भावंडांनी पन्नाशीनंतर दरवर्षी तपासून घ्या. आई गेल्यावर तिच्या पाटल्या वहिनीला मिळाल्या, मला हे! इतकी वर्षं सेवा केली ती यासाठी का, म्हणून ज्यांची पोथी वाचते त्या महाराजांवर मी मनापासून चिडले. तपासायला गेलेच नाही. त्यांच्यावर सोडलंय, असं सगळ्यांना सांगायचे. खरं तर घाबरले होते.

डोंबिवलीतल्या आमच्या मंडळात दर गुरुवारी पोथीचे अध्याय आम्ही बायका वाटून घेतो, म्हणजे तासाभरात पारायण पूर्ण. अकरा वर्षं नववा अध्याय माझा. तोंडपाठ, पोथी नुसती समोर धरायची. त्या गुरुवारी आंबिवलीहून पाहुणी आलेली एक बाई माझ्याआधी पोचली आणि अध्याय वाटणाऱ्या काकूंनी नववा तिलाच दिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फणफणत चौदावा घेतला, चष्मा पुसला, तर वाचताच येईना. ओळी मध्येच वाकत होत्या, कुठे अक्षरच गायब. मेली छपाईच वाईट, असं मी पुटपुटले.

"छपाई चांगली आहे, ताई," ती शेजारून म्हणाली. "एकेक डोळा झाकून बघा बरं. माझ्या सासूबाईंचं असंच झालेलं, आम्ही उशिरा गेलो." भोचक कुठली, असं वाटलं. तरी झाकून पाहिलं. उजव्याने ओळी सरळ, डाव्याने वाकड्या.

दुसऱ्याच दिवशी ठाण्याला डॉक्टरांकडे गेले. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागली, अजून घेते. वेळेवर आलात, म्हणाले. आज वाचता येतंय. ती बाई पुन्हा आली नाही. रागाच्या भरात मी नावही विचारलं नव्हतं, म्हणून पोथी उघडताना तिला मनातल्या मनात नमस्कार करते. महाराजांवर सोडायचं म्हणजे त्यांनी कुणाच्याही तोंडून सांगितलेलं ऐकायचंही असतं, चिडत का होईना. हे कळायला मला पंचावन्न वर्षं लागली.

परवा ठाकुर्लीला दादाकडे गेले. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, अजून एकदाही डोळे तपासलेले नाहीत.

"मला काय धाड भरलीये? देव बघतोय ना," तो म्हणाला.

"बघतोय म्हणूनच मला पाठवलंय," मी म्हटलं. "चपला घाल."