ताई नावाचा सीन

सभागृहाची ध्वनियंत्रणा तो सांभाळायचा; त्याला सगळे कानसेन म्हणत. नाव थट्टेने पडलं होतं, पण खोटं नव्हतं. कुठला पंखा कुरकुरणार हे पंख्याच्या आधी त्याला कळायचं. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. तो ओरडत नसे, केबल गुंडाळायला घेई. कानसेन केबल गुंडाळताना दिसला की लोक वाट बदलत.

त्या दुपारी तो गुंडाळलेली केबल सोडून पुन्हा गुंडाळत होता.

व्यवस्थापकांना माईकचे आवाज जुळवणारा मिक्सर टॅबलेटवरून चालवायचा होता. कानसेनने मिक्सर वायफायच्या राऊटरला जोडला. त्याला नेटवर्कवर पत्ता मिळेना, तो हाताने भरला, तेव्हा कुठे टॅबलेटला मिक्सर दिसला. दिसला आणि अडला, टॅबलेटवर सूचना: मिक्सरच्या आतली प्रणाली, म्हणजे फर्मवेअर, जुनं आहे, आधी अपडेट करा. "आजचा कार्यक्रम होऊ द्या, मग बघू," असं बजावून तो माईक तपासायला मंचावर गेला. परत येतो तो टॅबलेटच्या पडद्यावर अपडेटची हिरवी पट्टी सरकतेय आणि शेजारी व्यवस्थापक, स्वतःवर खूश. मध्येच बंद करावं तर मिक्सर कायमचा गेला असता. तो दात आवळून उभा राहिला. पट्टी संपली, मिक्सर पुन्हा सुरू झाला, आणि आत सगळं कोरं.

"टॅबलेटने काही विचारलं नाही तुम्हाला?"

"विचारलं की. सगळे सीन पुसले जातील, चालेल का? म्हटलं, चालेल. आज कुठे नाटक आहे? नुसती भाषणं."

कानसेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, हे सीन नाटकाचे नव्हेत. एकेका माणसाचा आवाज जुळवून साठवलेला असतो, त्याला सीन म्हणतात."

"मग जुळव पुन्हा. तुझं कामच ते."

पुसलेल्यांत एक सीन होता, 'ताई'. त्याची थोरली बहीण शाळेत शिकवायची. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज बारीक झाला. मागे एकदा ती भाषण करत असताना शेवटच्या रांगेतून "ऐकू येत नाही" आलं आणि ती वाक्य अर्धं टाकून खाली बसली. "पुन्हा असं झालं तर माईकला शिवणार नाही," घरी म्हणाली. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तिला रिकाम्या सभागृहात उभं करून त्याने तो आवाज थोडा थोडा जुळवत आणला होता. आज संध्याकाळी तिचाच निरोप समारंभ होता.

ती लवकर आली. "केबलचा जीव घेशील. झालं काय?"

त्याने सांगितलं.

"मग मी घरी जाऊ?"

"माईकसमोर उभी राहा. वाच."

ती वाचू लागली, जपून, काचेवरून चालावं तसं. बटण वर नेलं की स्पीकरमधून शिट्टी, खाली आणलं की आवाज बुडायचा.

"नीट बोल ना, ताई. पुटपुटतेस काय?"

"मी पुटपुटते? मिक्सर तुझा कोरा आणि खेकसतोस माझ्यावर? लहानपणी रेडिओ उघडून बसलास, बोलणी कुणी खाल्ली?"

त्याची बोटं थबकली, मग भराभर फिरू लागली. हा आवाज त्याने कधी जुळवलाच नव्हता. खरखरीत होता, पण त्याला धार होती.

"थांबू नकोस. भांड."

"भांडतेच आहे. आणि तो तुझा साहेब, उंटावरचा शहाणा, प्रश्न कळला नाही तरी हो म्हणतो. माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता."

शेवटच्या रांगेत व्यवस्थापक बसले होते. "येतंय ऐकू," ते हळूच म्हणाले.

संध्याकाळी सभागृह तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी भरलं. ती उभी राहिली, हातातला कागद उलगडला. मागे कुजबुज सुरू होती. तिने कागद खाली ठेवला.

"शेवटची रांग, गप्पा बंद."

शेवटची रांग, टक्कल पडलेल्या डोक्यांसकट, सावरून बसली. ती बोलत राहिली आणि मागून कुणीही काही म्हणालं नाही.

कानसेनने सीन साठवला, पेनड्राइव्हवर उतरवला आणि पेनड्राइव्ह खिशात टाकला. व्यवस्थापक जवळ येऊन म्हणाले, "बघ, उगाच चिडलास. झालं ना शेवटी?"

त्याने जवळची केबल ओढली आणि गुंडाळायला घेतली.