अकरा पानांची वॉरंटी

सव्वीस वर्षं मी एका विमा कंपनीत लोकांचे क्लेम नाकारायचं काम केलं, आणि ते फार मन लावून केलं. माझ्या पदाचं नाव तसं वेगळं होतं, पण घरी, सोसायटीत आणि सासुरवाडीला माझी ख्याती तीच. (आमचा भाजीवाला भाव सांगायच्या आधीच माझ्याकडे बघून 'नको ना?' असं विचारतो.) त्यामुळे वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, जुनी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा ती तपासायचं काम माझ्याकडे येणार हे उघडच होतं. मला गाडी चालवता येत नाही, ही बाब कोणालाच अडचणीची वाटली नाही. मला तर मुळीच वाटली नाही.

गाडी हवी होती सासूबाईंसाठी. त्या टिटवाळ्याला एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला; हाड जुळेना, म्हणून प्लास्टर पुन्हा पुन्हा चढत राहिलं. 'आमच्याकडे डोंबिवलीला चला' म्हटलं, तर रिक्षाच्या धक्क्यांनी हात ठणकतो म्हणून त्या येईनात. मग वैशाली दर बुधवारी आणि रविवारी डबा घेऊन जायची: रिक्षा, कल्याणला लोकल बदलून टिटवाळा, पुन्हा रिक्षा. निघताना डब्यात असलेली आमटी पोचेपर्यंत पिशवीत आलेली असायची. शेवटी एक्कावन्नाव्या वर्षी ती ड्रायव्हिंग शिकली आणि पहिल्या झटक्यात लायसन्स घेऊन आली. (मी परीक्षेच्या मैदानाबाहेर तिची पर्स धरून उभा होतो.) आता गाडी आणायची आणि आईला अलगद घरी घेऊन यायचं, एवढीच तिची इच्छा होती.

मी कामाला लागलो. महिनाभर मोबाइलवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघून सत्तेचाळीस मुद्द्यांची यादी केली, ती लॅमिनेट करून घेतली आणि मग एकामागून एक गाड्या नाकारायला सुरुवात केली. ठाकुर्लीची एक गाडी आधीच्या मालकाने फार हसत दाखवली म्हणून नाकारली. कल्याणची एक उत्तम होती, पण इतकी उत्तम गाडी माणूस विकेल कशाला, या मुद्द्यावर नाकारली. दहा गाड्या झाल्या. दर बुधवारी वैशाली डबा घेऊन निघायची आणि मी दारात उभा राहून तिला अकराव्या गाडीबद्दलच्या शंका सांगायचो.

एका रविवारी ती टिटवाळ्याहून परत आली, चपला काढल्या आणि पाणी न पिताच म्हणाली, "अहो, आईचं हाड जुळायच्या आत तुमचं बघून होईल का?"

तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. आवाज चढला असता तर मी वाद घातला असता. दुसऱ्याच दिवशी आम्ही ठाण्याला गेलो.

ठाण्याच्या त्या जुन्या गाड्यांच्या दुकानात एक पांढरी, छोटी, सात वर्षांची गाडी होती. दाखवायला सायली मॅडम होत्या, चाळिशीच्या, शांत स्वभावाच्या. आमच्याकडून मानपाड्याचे बाळारामदादा आले होते. त्यांचं तिथे गॅरेज आहे आणि आमच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्या त्यांच्याच जिवावर चालतात. दादांनी गाडी चालू केली, अर्धा मिनिट डोळे मिटून आवाज ऐकला, एक चक्कर मारून आणली आणि म्हणाले, "साहेब, गारी बरी हाय. घेऊन टाका."

अर्ध्या मिनिटात! मला तो माझ्या सत्तेचाळीस मुद्द्यांचा अपमान वाटला. मी खिशातून फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि रंगाखाली कुठे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे का ते बघायला गाडीभर फिरवलं. टायरच्या खाचांत नाणी घालून बघितली. इस्त्रीच्या शर्टावर गाडीखाली शिरलो आणि बॅटरी मारून तळ पाहिला. (काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. पण कोरडं होतं.) बाहेर आलो तेव्हा वैशाली, मॅडम आणि दादा चहा पीत होते आणि माझा कप गार झाला होता.

मग निघाला वाढीव वॉरंटीचा विषय. मॅडमनी सांगितलं, थोडे जास्त भरले तर इंजिन आणि गिअरबॉक्सची जबाबदारी आणखी दोन वर्षं आमच्याकडे, शिवाय रस्त्यात गाडी बंद पडली तर टोइंग फुकट. मी कागद मागितले. अकरा पानं होती. मी लाल पेन काढलं, तेव्हा वैशालीने डोळे मिटून घेतले.

पहिल्या दोन पानांत कंपनी काय काय देणार ते होतं, उरलेल्या नऊ पानांत काय काय देणार नाही ते होतं. अशी कागदपत्रं वाचण्यात माझी हयात गेली आहे, त्यामुळे मला घरी आल्यासारखं वाटलं. मी एकेक कलम मॅडमना समजावून सांगू लागलो. सातव्या पानावर कलम होतं, की इंजिनात चुकीचा द्रव घातल्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसणार नाही. मॅडमनी विचारलं, असं खरंच कोणी करतं का हो सर? मी हसलो आणि म्हणालो, "असतात. शिकलेले लोकसुद्धा असतात. त्यांच्यासाठीच हे कलम घालावं लागतं."

दीड तास झाला तरी माझा निर्णय होईना. वॉरंटी घ्यावी तर नऊ पानांच्या अपवादांतून क्लेम कधी पास होणार नाही हे मला दिसत होतं, आणि न घ्यावी तर दुसऱ्या दिवशी इंजिन बसणार अशी खात्री वाटत होती. शेवटी वैशालीने माझ्या हातातून पेन घेतलं आणि सही कुठे करायची ते मॅडमना विचारलं. एकदा मी एकटी आईला घेऊन रस्त्यात अडकले तर निदान उचलून न्यायला कोणीतरी येईल, एवढंच ती म्हणाली. दीड तासात हा मुद्दा मला सुचला नव्हता.

गाडी आली. सोसायटीत नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवून झाली, शेजाऱ्यांनी पेढे खाल्ले. येत्या रविवारी सासूबाईंना आणायचं ठरलं. त्यांचा फोन आला की पिशवी भरून तयार आहे, फक्त नवी चादर घेऊ की जुनी. वैशाली फोन ठेवून कितीतरी वेळ नुसतीच हसत होती. आठ-दहा महिन्यांत मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती.

तो आनंद बघून मलाही काहीतरी करावंसं वाटलं, आणि इथेच घात झाला.

शनिवारी सकाळी वैशाली बाजारात गेली होती. समोरच्या काचेवर पाणी उडवायची टाकी रिकामी असेल, ती भरून ठेवू असं मी ठरवलं. नुसत्या पाण्याने काच काय स्वच्छ होणार? मोरीत वैशालीने तिच्या पैठणीसाठी भिजवलेल्या रिठ्याचं पाणी होतं. पैठणी धुऊन झाली होती, पाणी तसंच होतं. रेशमाला चालतं ते काचेला का नाही चालणार? मी तांब्या भरून घेतला आणि खाली गेलो.

बॉनेट उघडलं तर आत दोन टाक्या. एकीच्या झाकणावर नुसतं कारंज्यासारखं चित्र. दुसरीच्या झाकणावर मजकूर. आता ज्याने जन्मभर कागद वाचले तो माणूस चित्रावर विश्वास ठेवेल की मजकुरावर? मी मजकूर वाचला: इंजिन गरम असताना झाकण उघडू नये. मी इंजिनाला हात लावून पाहिला. थंडगार होतं. म्हणजे अट पूर्ण होत होती! मी झाकण उघडलं. आत कोणीतरी हिरवट पाणी भरून ठेवलेलं होतं, बहुधा आधीच्या मालकाने कधीतरी भरलेलं आणि शेवाळलेलं. रंगपंचमीची पिचकारी आणून मी ते सगळं ओढून काढलं, कुंडीत न टाकता नीट बाटलीत भरलं (एवढी अक्कल होती) आणि टाकी रिठ्याच्या पाण्याने काठोकाठ भरली. उरलेल्या पाण्याने काचही पुसली. वैशाली आल्यावर तिला मी यातलं काहीच बोललो नाही. सरप्राइज होतं ते.

रविवारी आम्ही टिटवाळ्याला सुखरूप पोचलो, एवढी गाडी खरंच चांगली होती. सासूबाईंना पुढे बसवलं, हाताखाली उशी दिली आणि परत निघालो. वैशाली इतकी सांभाळून चालवत होती की सायकली आम्हाला मागे टाकत होत्या. सासूबाई खुशीत होत्या. पंधरा-वीस मिनिटांनी मात्र त्यांनी पुढे बघत अगदी सहज विचारलं, "वैशू, तुझी गाडी उतू चाललीय का गं?"

बॉनेटच्या फटींतून पांढरा फेस बाहेर येत होता. आधी थोडा, मग चांगला भरघोस. काचेपर्यंत आला तेव्हा वैशालीने गाडी बाजूला घेतली. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. एका बाईंनी मला विचारलं, की गाडी आतून धुवायची ही नवी पद्धत आहे का.

वैशालीने बाळारामदादांना फोन लावला; ते त्याच बाजूला एका लग्नाला आलेले होते, ते तसेच कडक कपड्यांत आले. त्यांनी बॉनेट उघडलं, फेस बोटावर घेतला, वास घेतला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"साहेब, यात रिठा कोनी टाकला?"

वैशालीने सावकाश मान वळवली. मी बॉनेटकडे बघत राहिलो. सासूबाई गाडीतूनच म्हणाल्या, "मी म्हणतच होते, वास ओळखीचा येतोय."

टोइंगची गाडी यायला दोन तास लागले. तोवर सासूबाई प्लास्टरचा हात सांभाळत एका किराणा दुकानाच्या स्टुलावर बसल्या होत्या, आणि शेवटी ज्या रिक्षाला त्या महिनोन् महिने नाही म्हणत होत्या त्याच रिक्षाने डोंबिवलीला आल्या. प्रत्येक खड्ड्याला त्या ओठ दाबायच्या. मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. उलट उतरताना म्हणाल्या, की गाडी स्वच्छ ठेवायची हौस आहे हे चांगलंच आहे. मला त्या क्षणी पार्किंगमध्येच कुठेतरी लपावंसं वाटलं.

मी काढलेलं ते हिरवट पाणी म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट होतं; ते नसल्यामुळे इंजिन तापून आतलं गॅस्केट गेलं होतं. पण वॉरंटी होती! सायली मॅडमनी क्लेमचा फॉर्म पाठवला आणि फोनवर सांगितलं, की कारणाच्या रकान्यात जास्त लांबण लावू नका, जे झालं ते थोडक्यात लिहा. थोडक्यात? सव्वीस वर्षं मी थोडक्यात लिहिणाऱ्यांचेच क्लेम आधी नाकारले होते. मी जादा कागद जोडला. तारीख, वेळ, रिठ्याचं अंदाजे प्रमाण, पिचकारीची लांबी, दोन्ही झाकणांची आकृती, आणि काढून घेतलेल्या हिरव्या पाण्याची बाटली मागितल्यास सादर करू अशी तळटीप. पाठवायच्या आधी दोनदा वाचून बघितलं. कुठेही संशयाला जागा नव्हती.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. सविस्तर माहितीबद्दल त्यांनी माझे आभार मानले होते, पान सातवरच्या कलमाचा हवाला दिला होता आणि क्लेम नामंजूर केला होता. मी ते पत्र बारकाईने तपासलं. त्यात एकही चूक नव्हती, आणि हे मी वैशालीला मोठ्याने सांगितलंही.

ती चहा गाळत होती. गाळणं खाली ठेवून म्हणाली, "अहो, एकदा तरी कोणाचा तरी मंजूर होऊ द्यायचात."

मी पत्राची घडी घातली. चुकलं माझं, एवढं मी म्हणालो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण जादा कागद न जोडता मी हे पहिल्यांदाच म्हटलं असेन.

बाळारामदादांनी गाडी आठ दिवसांत उभी केली. पाच वेळा आतून धुतली तरी फेस येत होता, सहाव्या वेळी थांबला. आता वैशाली सासूबाईंना इकडे आणते, तिकडे सोडते, मनात आलं की दोघी फिरायला जातात, आणि हात बरा झाल्यामुळे सासूबाई पुढे बसून तिला रस्ता सांगतात. मी मागे बसतो. कूलंट किंवा ऑइल बघायला दादा बॉनेट उघडणार असले, की वैशाली आधी मला मागच्या सीटवर बसवते, हातात पेपर देते आणि दार लावून घेते. मागच्या दाराला चाइल्ड लॉक आहे. ते आतून कशानेही उघडत नाही. त्या गाडीतली एवढी एकच गोष्ट मी स्वतः, वेळ देऊन, पूर्णपणे तपासलेली आहे.