त्सियालाची चाल

कुताइसी शहरातल्या मोज्यांच्या कारखान्यात लामारा मशीनवर बसायची, पण डोकं सदा बुद्धिबळाच्या पटावर. शेजारीण त्सियाला हिच्याहून वेडी. रविवार आला की त्सियालाच्या स्वयंपाकघरात मक्याची भाकरी, चीज आणि पट. नवऱ्यांनी उपाशी राहावं नाहीतर स्वतः रांधावं.

अशाच एका रविवारी त्सियालाने मन मोकळं केलं. काळी मोहरी आली की ती आयुष्यभर एकच सुरुवात खेळत आली होती, फ्रेंच बचाव.

"कुणाला सांगू नकोस हं. इथं पांढऱ्याने घोडा मरू दिला आणि वजीर कडेला काढला, की माझा बाजार उठला! अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही म्हणून निभावतंय."

"माझ्या पोटात राहील गं," लामारा म्हणाली.

त्या वर्षी शहराच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला नेमकी दोघींचीच गाठ पडली. जिंकेल ती राजधानीत, तिबिलिसीच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होती. लामाराकडे पांढरी मोहरी. त्सियालाने बिनघोर आपली नेहमीची सुरुवात केली. समोर मैत्रीण होती ना! लामाराचा हात पुढे झाला, मागे आला. पण तिबिलिसी काही डोळ्यांपुढून हलेना. तिने घोडा मरू दिला आणि वजीर कडेला काढला.

त्सियालाने पटावरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. थोड्या चालींनंतर तिने आपला राजा आडवा करून हार मानली.

डाव संपला की दोघींनी तो पुन्हा मांडून बोलायचं, ही तिथली रीत. बायका भोवती जमल्या.

"काय चाल काढलीस लामारा! सुचली तरी कशी?"

लामारा मान खाली घालून प्यादी सरळ करू लागली. मोहरी लावता लावता त्सियालाच म्हणाली, "तिचीच आहे. डोकं आहे बाईला."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं लामाराला झालं. तरी ती गप्पच राहिली. आठवड्याभरात शहरात त्या चालीला 'लामाराची चाल' म्हणू लागले.

तिबिलिसीला पहिल्याच फेरीत समोर फ्रेंच बचाव आला, अगदी तसाच. शरमेने लामाराला वजिराला हात लावता आला नाही. तिने भलतीच चाल केली आणि हरली. पुढचेही डाव गेले.

परतली त्या दिवशी जिन्यात त्सियाला भेटली.

"पेपरात डाव पाहिला. वजीर का नाही काढलास?"

"तुझी चाल होती ती," लामारा पायरीकडे बघत पुटपुटली.

"अगं, एवढंच त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणायचं होतंस," असं म्हणून त्सियालाने दार लावून घेतलं. आतून भाजत्या भाकरीचा वास येत होता. रविवार होता.