न पाहिलेली काच

बायकोलाही हे कधी सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतो.

मी मूळचा सांगलीचा, जनावरांचा डॉक्टर. चंदीगडला एका खासगी तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला आहे. सहा वर्षांपूर्वी पिंजौरजवळच्या एक वयस्कर पंजाबी बाई, ज्यांना सगळे बीजी म्हणत, दोन गायींचं शेण डब्यांत घेऊन आल्या. भूरी आणि काली. दोघींचं दूध आटत चाललं होतं, पातळही झालं होतं. नाल्याकाठच्या ओल्या गवतावर चरणाऱ्या गायी — यकृतातल्या चपट्या कृमींचा संशय मला तिथंच यायला हवा होता. आलाही होता.

शेण पाण्यात कालवून, तळाशी बसू देऊन, तो गाळ काचेवर घेऊन बघायचा — अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पण मला महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाची तालीम गाठायची होती. मग काय केलं? न बघताच लिहिलं — कृमींची अंडी आढळली नाहीत. वर सल्लाही दिला, खुराक वाढवा.

त्यांनी वाढवला. अडीच महिन्यांनी त्या परत डबे घेऊन आल्या. कालीच्या जबड्याखाली सूज होती, ती उठतही नव्हती. या वेळी मी काच पाहिली. अंडीच अंडी. खरं तेव्हा सांगता आलं नसतं? मी म्हणालो, "इन्फेक्शन नया लगता है, बीजी."

काली चार दिवसांत गेली. भूरी औषधानं वाचली, हळूहळू दुधावर आली.

"शुकर है, डॉक्टर जी, आपने पकड़ लिया," बीजी म्हणाल्या.

त्या मनापासून बोलत होत्या — आणि मी मान डोलावली.

पुढच्या वर्षी बायको बाळंत झाली. दोन्हीकडचं कुणीच येऊ शकलं नाही. बीजी बसनं आल्या, बाळंतिणीला द्यायच्या पंजिरीचा डबा घेऊन, आणि आठ दिवस राहिल्या. बाळाला न्हाऊ-माखू घातलं, बायकोची पाठ शेकली. त्या नसत्या तर आमचं काय झालं असतं, कोण जाणे. त्यांचे उपकार मी रोज आठवतो. तेव्हापासून एकही नमुना न बघता सोडलेला नाही — पण ते काय, ते तर माझं कामच होतं.

मागच्या महिन्यात त्या घरी आल्या होत्या. माझ्या मुलीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "तेरे पापा ने मेरी भूरी बचाई थी." मुलगी माझ्याकडे बघून हसली. मी चहा ठेवायला आत गेलो.

काली माझ्यामुळे मेली.