सखारामआबांची नदीतली भिंत

सखारामआबा कुणाच्याही घरी गेले, की बसायच्या आधी विचारायचे, "काई फुटलं-तुटलं हाय का घरात?" फुटकं जातं, चिरलेला पाटा, तडकलेली दगडी डोणी, काहीही चालायचं. ते सगळं बैलगाडीत भरायचं आणि नदीत नेऊन टाकायचं. कुणी नवी वस्तू दिली असती, तर ती त्यांनी आधी फोडून घेतली असती.

शेलूबाजारच्या वाटेवर, अडाण नदीच्या वळणावर त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. आमचा त्याला लागूनच. दर पुरात नदी त्यांच्या काठाचा एक लचका तोडायची. बघता बघता विहीर पार कडेला आली. विहीर गेली की मळा गेला, हे माळ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

यावरचा उपाय आबांनी थेट समुद्रातून आणला होता. तरुणपणी एका साहेबाने त्यांना पश्चिमेच्या समुद्रातल्या बेटावर नेलं होतं. तिथे दीपगृह होतं, दीपगृहात साहेब होता आणि साहेबाला ताजी भेंडी लागायची. म्हणून वाशीमचा माळी चहूकडून खारं पाणी असलेल्या जागी भेंडी लावत राहिला.

"बेट केवढं? खाटेएवढं उंच," आबा सांगायचे. "मी बिस्तऱ्याची गाठच सोडली नाई. म्हनलं, आज ना उद्या वाहून जातो. पन समुद्र आत येतच नव्हता! दूर पान्यात पोवळ्याची भिंत हाय, बारीक किड्यायनं बांधेल. खरबरीत, भोकाभोकाची. लाट तिथं आपटते, तिचा दम जाते, मंग काठाले येते ते म्हातारीवानी. एका बाजूनं लोकायनं चुना भाजाले पोवळं काढून नेलं, त तिकडचे नारळ समुद्रात आडवे!"

"मंग काठालेच बांधा ना भिंत," माझे वडील म्हणायचे.

"चोर घरात शिरल्यावर कुत्रं सोडाचं का? त्याले वेशीपाशीच थकवाचं."

म्हणून वळणाच्या वरच्या अंगाला, काठापासून सुटी, त्यांची भिंत उभी राहत होती. मधल्या भोकांत खेकडे राहायला आले, याचाच आबांना कोण आनंद!

पण 'पोवळं' हा शब्द गावभर झाला होता. आमच्याकडे पोवळं अंगठीत घालतात, तेही पत्रिकेत मंगळ असेल तर. पोवळ्याच्या भिंतीशेजारी राहिलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो, हे कुणालाही पटेना. बुढ्याने माल आणला आणि नदीत लपवला, असं ठरलं. धुणं धुवायला गेलेली माणसं पदराआड, धोतरात तांबूस दगड घेऊन परतू लागली. एक जण अर्धं जातं घेऊन सोनाराकडे गेला. "याची आंगठी करून दे." सोनाराने ते चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "बोट कोनाचं, हत्तीचं?"

भिंतीला खिंडार पडलं. पहिल्याच लोंढ्यात खिंडारासमोरचा काठ कोसळला. आता विहिरीच्या कडेला उभं राहून नदीत थुंकता येत होतं. आबा दारोदार फिरले. "बाप्पा, ते पोवळं नाई! तुह्याच मायचं जातं हाय!" लोक गालात हसायचे. मालाचा मालक असंच म्हणणार.

उपाय काढला तो आबांच्या बायकोने, रखमाकाकूंनी. बाजारात वांगी तोलता तोलता त्या म्हणाल्या, "बाई, शनीचा दगड लोक घरात कसा ठेवतात वो? आमच्या बुढ्यानं त साडेसाती उतरवाले नदीत सोडला होता."

दिवस मावळायच्या आत दगड परत आले. शनिवारी तर ज्यांनी काहीच नेलं नव्हतं तेही आले, आपापली साडेसाती आणि आपापला दगड घेऊन. पार मानोरा गावाकडून दगडांच्या गाड्या येऊ लागल्या. मग कुणीतरी तेल वाहायला सुरुवात केली. आबा गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडायचे, "तेल टाकू नोका! लाट घसरते! खरबरीत पायजे!"

"तू खोटं कायले बोलली?" त्यांनी काकूंना विचारलं.

"तुमी इतके वर्सं खरं बोलले. विहीर कुठं आली ते पाहा."

त्या श्रावणात मोठा पूर आला. सगळं गाव बघायला जमलं. तांबडं पाणी भिंतीवर आपटलं, पांढरं झालं, भोकाभोकांतून फुटलं आणि काठाशी आलं तेव्हा त्यात गाळापलीकडे काही उरलं नव्हतं. विहीर राहिली. लोकांनी शनीला नारळ फोडला. आबांनी करवंट्या गोळा केल्या.

पुढच्या थंडीत आबा तापाने गेले. चितेजवळ मडकं फोडायला जो दगड वापरतात, तो जीवखडा. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्यात असतो, असं आम्ही मानतो, आणि दहाव्याला तो पाण्यात सोडतात. आबांचा मुलगा किसन तो घेऊन नदीत उतरला, भिंतीपर्यंत गेला आणि एका फटीत ठोकून बसवू लागला.

काठावरून भटजी ओरडले, "अरे, विसर्जन कर! सोडून दे त्याला!"

"सोडला असता महाराज," किसन म्हणाला, "पन इथून गेला त पूर विहिरीवर येते."

भटजींनी विहिरीकडे पाहिलं. पायाशी पडलेला एक ओबडधोबड दगड उचलला, धोतर खोचलं आणि मंत्र म्हणत म्हणत तेही पाण्यात उतरले.